एन्झोचा नववा दिवस

आपण एका पोराला मगरीच्या तोंडी दिलं आहे, हे नेस्टर दिमायुगाला सोमवारी सकाळी सव्वानऊला, न्याहारी करताना कळलं. चित्रीकरणाच्या जागेवरून फोन होता. मगरीचं दृश्य पहिल्याच झटक्यात झकास झालं, सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या आणि दिग्दर्शक बोयेत जाम खूश आहेत, असं पलीकडची बाई सांगत होती.

"कुठली मगर?" नेस्टरनं विचारलं.

"असं काय करता सर? एन्झोला खाते ती. गिटारीसकट."

लसूण घालून परतलेल्या भाताचा घास नेस्टरच्या घशातच अडकला. त्याच्या बायकोनं, लूझनं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि काय झालं म्हणून विचारलं. उठून त्यानं लॅपटॉप उघडला, काल पाठवलेली मेल पाहिली आणि मटकन खुर्चीत बसला.

झालं होतं ते असं. 'कॅप्टन आगोस' ही मालिका नेस्टरच्याच डोक्यातून निघालेली. मारिकिना नदीपासून तिसऱ्या गल्लीत त्याचं घर. ओंदोय वादळाच्या वर्षी नदी घरात शिरली, तेव्हा तो आणि लूझ दोन दिवस पत्र्यावर बसून होते. पाणी चढत होतं आणि नेस्टरला राहून राहून एकच वाटत होतं, की कुणीतरी यावं, हात वर करावा आणि या पाण्याला सांगावं, बस झालं. त्या विचारातून आगोस जन्मला. पाणीपुरवठ्यात नळदुरुस्ती करणारा, टक्कल पडू लागलेला साधा माणूस. तो हात वर करतो आणि पूर थांबतो.

पहिले अकरा भाग चांगले गेले. मग वाहिनीच्या मालिका विभागाच्या प्रमुख, मॅडम लेतिसिया वेर्झोसा, यांनी ठरवलं की यात तरुण मुलं हवीत. आगोसला याना नावाची सोळा वर्षांची भाची मिळाली. यानाला गिटार वाजवणारा एन्झो मिळाला. मग मोटरसायकलवाला आंद्रेई आला, त्याच्यामागून आंद्रेईची आजारी आई आली. तिसाव्या भागापर्यंत आगोस हा घरात कुणी आलं की दार उघडणारा माणूस झाला होता. चव्वेचाळिसाव्या भागात नदीतल्या महामगरीनं धरण फोडलं, आगोसनं हात वर केला, आणि तो हात पुढचे तीन भाग वरच राहिला. कारण शाळेच्या नृत्याला कुणाबरोबर जायचं, हे यानाचं ठरत नव्हतं. त्या नटाचा खांदा खरोखर आखडला. तो रोज शेक घेत होता.

रविवारी संध्याकाळी नेस्टरनं त्या नृत्याची अकरा पानं लिहिली आणि त्याचं डोकं भणाणलं. मग केवळ जिवाची शांती म्हणून त्यानं वेगळी दोन पानं लिहिली. एन्झो नदीकाठी येतो, गिटार छेडतो, "याना, माझ्या मनात कधीपासून" एवढं म्हणतो आणि मगर त्याला गिळते. लूझ इस्त्री करत होती. तिला त्यानं ते वाचून दाखवलं, तेव्हा हसताना तिच्या हातून एक बाही जळली. दोन्ही फायलींची नावं जवळजवळ सारखीच होती. त्यातली जी जायला नको, नेमकी तीच गेली.

नेस्टर तसाच पायात सपाता घालून जीपनीत बसला आणि क्वेझोन सिटीला स्टुडिओवर गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं, चूक झाली, पुन्हा चित्रीकरण करा. मागच्या तळ्याकाठी बोयेत छत्रीखाली बसून भाजलेली केळी खात होता. त्यानं नेस्टरला पाहून हात हलवला.

"लय भारी लिहिलंस बाबा. दोन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी घडलं आपल्या मालिकेत." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण हे वरून आलंय ना? मॅडमकडून?"

खरं बोलायची वेळ होती ती हीच. पण नेस्टरच्या डोळ्यांपुढे मॅडम वेर्झोसांचा चेहरा आला. गेल्या वर्षी एका लेखकानं त्यांना न विचारता एका कुत्र्याचं नाव बदललं होतं, आणि तो लेखक आता सेबूला जावयाच्या गॅरेजमध्ये हिशेब लिहितो.

"हो," नेस्टर म्हणाला. "वरूनच."

त्यानंतर जे जे झालं ते या दोन शब्दांमुळे झालं. मॅडम वेर्झोसा भाचीच्या लग्नाला टोरँटोला निघाल्या होत्या. त्या विमानात होत्या, फोन बंद होता, आणि परत येणार होत्या पुढच्या बुधवारी. मालिका तेव्हा सकाळी चित्रित होऊन संध्याकाळी दिसत होती, त्यामुळे हातात शिल्लक काहीच नव्हतं. नेस्टर संकलकाकडे धावला आणि मगरीऐवजी दुसरं काही लावता येईल का, म्हणून आडून आडून विचारलं. त्याच्याकडे याना केस विंचरते आहे, एवढीच चार मिनिटं होती. एन्झोचं काम करणारा रेन्झ सापडला असता तर दुपारी काहीतरी जमलं असतं. पण आपल्याला काढून टाकलं असं समजून तो पोरगा कुणाशी न बोलता बातांगासच्या बसमध्ये बसला होता आणि त्यानंही फोन बंद केला होता.

संध्याकाळी आठ वाजून काही मिनिटांनी गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम एक आवाज निघाला. किंकाळी म्हणावी तर तिच्यात पुरुषांचेही आवाज होते.

"तुझी मगर आली वाटतं," लूझ म्हणाली.

नेस्टरनं उठून दाराची दुसरी कडी घातली.

गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं की हा माणूस ती मालिका लिहितो. पुढे काय होणार म्हणून लोक छळतील, या धास्तीनं त्यानं पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं की आपण टीव्हीच्या कचेरीत कागदपत्रं बघतो. शेवटी नावं येतात खरी, पण ती अशी पळतात की स्वतः नेस्टरलाही स्वतःचं नाव कधी वाचता आलं नव्हतं. तेव्हा आपण सुरक्षित आहोत, असं तो स्वतःला रात्रभर समजावत राहिला. सकाळी लूझनं त्याला बाजारात मासे आणायला पाठवलं, तेव्हा ती समजूत संपली.

मासळीबाजारात आलिंग पुरिंगचा ठेला होता. बाईंचं वय साठीच्या पुढे, दंड खलबत्त्यासारखे, आणि पंधरा वर्षांत त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. याना आणि एन्झोच्या जोडीला चाहते 'यान्झो' म्हणत. त्या यान्झो मंडळाच्या मारिकिना शाखेच्या आलिंग पुरिंग अध्यक्षा होत्या. आज त्यांनी काळा ब्लाऊज घातला होता. नेस्टरला पाहताच त्यांनी समोरच्या माशाचं डोकं एका घावात वेगळं केलं.

"तू टीव्हीत कामाला आहेस ना रे?"

"कागदपत्रं बघतो नुसती," नेस्टर म्हणाला.

"मग कागदावरच असेल की. कुणी लिहिलंय हे, तेवढं बघून सांग मला."

नेस्टरनं मान डोलावली. बाईंनी आणखी एक डोकं उडवलं आणि सांगितलं की आज संध्याकाळपासून त्यांच्या अंगणात एन्झोसाठी नऊ दिवसांची प्रार्थना आहे. सगळी गल्ली येणार आहे. नेस्टर टीव्हीचा माणूस, तेव्हा पोराचा मोठा फोटो आणि अंगावरचा एखादा सदरा आणायची जबाबदारी त्याची. नाही म्हणायची नेस्टरची छाती झाली नाही. पिशवी उघडून बघितली तर त्यानं मागितलेल्या एका माशाऐवजी तीन होते आणि तिन्हींना डोकं नव्हतं.

स्टुडिओच्या कपडेखात्यातून निळा चौकड्यांचा सदरा त्यानं पोटाशी लपवून आणला. संध्याकाळी सहाची घंटा झाली तेव्हा आलिंग पुरिंगच्या अंगणात चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. मधे मेणबत्त्या, एन्झोचा फोटो, शेजारी खुर्चीच्या पाठीवर घातलेला सदरा. शवपेटी नव्हती, कारण शव मगरीच्या पोटात. बायका जपमाळ ओढत होत्या. आलिंग पुरिंगनं नेस्टरला पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं. ज्यानं मारलं त्याला देव शासन करो, असं कुणीतरी म्हणालं, आणि चाळीस लोकांबरोबर नेस्टरही "आमेन" म्हणाला.

प्रार्थनेहून निघाल्यावर सरळ घरी जायचं नसतं, नाहीतर मेलेला पाठोपाठ घरात येतो. हे नेस्टरलाही लहानपणापासून माहीत. एन्झो आपण कागदावर लिहिलेला पोरगा आहे, हेही माहीत. तरीपण तो रोज कोपऱ्यावरच्या बेकरीत पाच मिनिटं थांबायचा आणि मागे वळून बघत पाव घ्यायचा. शनिवारपर्यंत घरात इतके पाव साठले की लूझनं ते कोंबड्यांना घातले.

इकडे इंटरनेटवर लेखकाचा शोध सुरू झाला होता. रियाधमधल्या परिचारिका, हाँगकाँगमधल्या मोलकरणी, कुठल्या कुठल्या जहाजावरचे खलाशी, सगळे विचारत होते की हा कसाई कोण. गुरुवारी कुणीतरी एका टकल्या माणसाचा फोटो टाकला. तो बिचारा पाककृतींचा कार्यक्रम लिहायचा. तो त्याच दुपारी बागियोला बहिणीकडे पळाला. नेस्टरला त्याची दया आली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली. रोज आलिंग पुरिंग विचारायच्या, सापडलं का नाव? रोज तो म्हणायचा, कागद सापडत नाहीये.

मालिकेत तर वेगळंच होऊन बसलं. एन्झो गेल्यावर रडारड आटोपून पाण्याचं काहीतरी होईल, अशी नेस्टरची आशा होती. पण मारलं आहे म्हटल्यावर दुःख दाखवणं भाग. याना रडली, आंद्रेई रडला, आंद्रेईची आजारी आई खाटेवरून उठून रडली. ज्या आगोसनं पूर थांबवायचा तो एक हात तसाच वर ठेवून मयताला आलेल्यांना कॉफी देत फिरू लागला. एन्झो जिवंत असताना जितका वेळ खात होता, त्याच्या दुप्पट मेल्यावर खाऊ लागला.

बुधवारी, म्हणजे नवव्या दिवशी, मॅडम वेर्झोसांनी बोलावणं धाडलं. नेस्टरनं स्वच्छ सदरा घातला आणि लूझला सांगितलं की संध्याकाळी आपण सेबूचा विचार करू. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं नाही. त्या समोरचा कागद वाचत राहिल्या.

"मी न सांगता मुलगा मारलात."

"चुकून झालं, मॅडम." एवढं बोलायला त्याला नऊ दिवस लागले होते.

मॅडमनी कागद उलटा ठेवला. प्रेक्षक दुपटीनं वाढले आहेत, असं त्या कोरडेपणानं म्हणाल्या. पण शांपूवाले नाराज आहेत, कारण शोक चालू असल्यानं याना नऊ दिवस केस विंचरत नाहीये. तेव्हा शुक्रवारच्या भागात एन्झो परत येईल. कसा, ते लेखकानं बघावं. एका ओळीत सारांश लिहून द्यावा. नेस्टरनं उभ्या उभ्या लिहिलं, 'एन्झो परत येतो.' मॅडमनी खाली सही केली.

तो बाहेर आला तेव्हा त्याला तरंगल्यासारखं होत होतं. नोकरी राहिली होती. शिवाय आलिंग पुरिंगला आता तो गोड बातमी देऊ शकत होता. नऊ दिवसांत पहिल्यांदाच तो त्यांच्या अंगणाकडे मान वर करून गेला.

नवव्या दिवसाचं जेवण होतं. पान्सितच्या शेवया, डुकराचं मटण, भाताच्या परड्या. प्रार्थनेत एन्झोच्या नावामागोमाग आणखी एक नाव घेतलं गेलं, दानिलो. ते बहुधा रोजच घेतलं जात असावं. भीतीपायी नेस्टरच्या कानांवर पडलं नव्हतं एवढंच. जेवणं झाल्यावर आलिंग पुरिंगनं त्याला मागच्या पडवीत नेलं. तिथल्या भिंतीवर पुरुषभर उंचीवर पुराची तपकिरी रेघ अजून होती.

दानिलो हा त्यांचा मुलगा. एकोणीस वर्षांचा. ओंदोयच्या वेळी शेजारच्या म्हातारीला आणायला पाण्यात उतरला आणि परत आला नाही. सापडलाही नाही. आलिंग पुरिंग हे सगळं मासे साफ करता करता बोलावं तशा सांगत होत्या. नवऱ्यानं प्रार्थना करू दिली नाही. पोरगा येणार आहे, म्हणायचा. रोज जेवताना तिसरं ताट वाढायचा. सहा वर्षं वाढलं, मग तोच गेला. "त्याची नऊ दिवसांची केली मी. पोराची राहूनच गेली. आता कुणाला बोलावणार? लोक म्हणतील, म्हातारीला आत्ता आठवण झाली."

नेस्टर भिंतीवरच्या रेघेकडे बघत होता.

"तुझ्या मगरीनं सोय केली," आलिंग पुरिंग म्हणाल्या.

नेस्टर दचकून वळला. "माझ्या?"

"पहिल्या भागापासून ठाऊक आहे मला. शेवटची नावं फोनवर थांबवून वाचता येतात, बाबा, बाकी कुणाला सुचलं नाही एवढंच. मी मासे विकते म्हणून मला वाचता येत नाही असं समजलास काय?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "रोज विचारत होते, की सांगशील स्वतःहून. नाही सांगितलंस. भित्रा आहेस. असू दे. पण एक ऐक. माझ्या पोराचे नऊ दिवस आज पुरे झाले. पंधरा वर्षांत काल पहिल्यांदा मी झोपले. आता त्या एन्झोला उठवून परत आणलंस तर बघ."

काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. नेस्टरनं विचारलंही नाही.

तो त्या दिवशी बेकरीत थांबायला विसरला. घरी येऊन त्यानं लूझला सगळं सांगितलं. एकीकडे मॅडम, दुसरीकडे कोयतीवाली. आगीतून निघून फुफाट्यात. लूझनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग तिनं एवढंच विचारलं की पत्र्यावर बसलो होतो तेव्हा तू कुणाची वाट बघत होतास. नेस्टर म्हणाला, आगोसची. "मग त्याला पाठव की," लूझ म्हणाली आणि झोपायला गेली.

शुक्रवारी सकाळी त्यानं पानं बोयेतच्या हातात दिली. आगोस वर केलेला हात खाली घेतो आणि पहिल्यांदाच स्वतः नदीत उतरतो. मगरीशी झुंजतो. त्यानंतर दोन मिनिटं संवाद नाही. मग तो पाण्यातून वर येतो, आणि त्याच्या दोन्ही हातांवर एन्झो असतो. मेलेला. आगोस त्याला काठावर आणून एन्झोच्या आईच्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "उशीर झाला. पण आणलाय."

बोयेतनं पानं दोनदा वाचली. "हे वरून आलंय?"

"नाही," नेस्टर म्हणाला. "माझं आहे."

बोयेतनं कानात बोट घालून हलवलं. "काल तळ्यात पोहलो, तेव्हापासून ऐकूच येत नाही बघ," असं म्हणून तो दिवे लावायला सांगायला गेला. बातांगासहून आणलेल्या रेन्झला आधी वाटलं होतं की पुन्हा पानंच्या पानं पाठ करावी लागणार. नुसतं मरून पडायचं आहे, हे ऐकून पोराचा चेहरा उजळला. त्यानं जन्मातलं सर्वात चांगलं काम केलं. आगोसचं काम करणाऱ्या नटाचा खांदाही सुटला.

संध्याकाळी नेस्टरला स्वतःच्या घरी बसवेना. तो आणि लूझ आलिंग पुरिंगकडे गेले. खोलीत वीस-पंचवीस माणसं, दारात आणखी. आगोस पाण्यात उतरला तेव्हा कुणीतरी पंखा बंद केला. तो पोराला हातांवर घेऊन वर आला, तेव्हा खोलीत कुणी ओरडलं नाही. आलिंग पुरिंग ब्लाऊजच्या बाहीनं डोळे पुसत होत्या, आणि पुसता पुसता मान हलवत होत्या, हो, हो, अशी.

जाहिराती लागल्या आणि नेस्टरचा फोन वाजला. मॅडम वेर्झोसा. तो वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. नेस्टरनं तो खुर्चीखाली सरकवला, तर तिथेही तो थरथरत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आलिंग पुरिंगनं वाकून तो उचलला आणि कानाला लावला.

"नेस्टर मयताला आलाय," त्या म्हणाल्या. "काय काम आहे?" मग थोडं ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या."

पलीकडून बोलणं चालू झालं असावं. आलिंग पुरिंग फोन घेऊन मागच्या पडवीत गेल्या. नेस्टर दाराकडे डोळे लावून बसला. दहा मिनिटं गेली. मालिका संपली, नावं पळून गेली, बातम्या लागल्या. शेवटी आलिंग पुरिंग परत आल्या आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"बाई चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "दानिलोचं सांगितलं मी. रडत होत्या. सोमवारी नऊला बोलावलंय तुला."

"आवाज कसा होता?" नेस्टरनं विचारलं.

आलिंग पुरिंगनं आठवून बघितलं. "मऊ."

अकरा वर्षांत मॅडम वेर्झोसांचा मऊ आवाज कुणी ऐकला नव्हता. कोरड्या मॅडमची नेस्टरला सवय होती, मऊ मॅडमची नव्हती, आणि त्याला घरी न्यायला लूझला दोन माणसं बोलवावी लागली.